बुचभर

पस्तीस वर्षं मी घणसोलीच्या चाव्या फिरवल्या.
पहाटे चारला सेक्टर तीन, पावणेपाचला गावठाण,
खांद्यावर टी-पाना, चेंबरात बेडूक.
अर्धा आटा कमी पडला
तर वरच्या मजल्यावरच्या बायका
खिडकीतून माझ्या आईची आठवण काढायच्या.

आता माझ्याकडे एकच कनेक्शन उरलंय.
काचेची पेटी, आत नारळाचा भुसा,
आडवं ठेवलेलं एक फुटकं बोळकं
आणि त्यात केसाळ आठ पायांची बाय.
हर्षालीनं तिला काहीतरी इंग्रजी नाव ठेवलंय,
माझ्या जिभेवर ते बसत नाही.

हर्षाली बोटीवर चढली नऊ महिन्यांसाठी.
जाताना कपाटाच्या दाराला कागद चिकटवून गेली:
आठवड्याला एक बूच पाणी, मागच्या कोपऱ्यात.
बाकी कोरडं.
तिच्या अंगावर फवारायचं नाही.
वाटी कधीच रिकामी ठेवायची नाही, तिच्यात स्पंज घालायचा नाही.
काचेला आतून वाफ धरली तर समज, चुकलास.

समज, चुकलास. बापाला असं लिहितात!
पण मी साहेबांचे मेमो वाचलेत जन्मभर.
एवढं स्पष्ट कुणीच लिहिलं नव्हतं.

मे महिन्यात मला दया आली.
कमी दिलं म्हणून आयुष्यभर शिव्या खाल्लेला माणूस मी,
म्हटलं, एकदा तरी पोटभर सोडू या,
आणि तांब्या ओतला.
सकाळी बाय काचेवर चढलेली,
खाली पाय लावायला तयार नाही.
चार दिवसांत भुशावर पांढरी बुरशी,
ओल्या गोणपाटाचा वास.
सगळा भुसा गच्चीवर पेपरवर वाळत घातला.
गोसावीणबाईंनी विचारलं, काय वाळवताय?
म्हटलं, मसाला.

जुलैत खाडीकडून वारा आत शिरला.
मिठाची बरणी पाझरली, काड्यापेटी पेटेना,
पेटीतला गोल मीटर एक्क्याण्णववर जाऊन चिकटला.
दाबमापकांवर माझा तेव्हाही भरवसा नव्हता.
ती बोळक्यात गेली की मी भुशात बोट घालून बघायचो:
वर भुरभुरीत, खाली गार.
बूच बंद केलं.
झाकणाला तापल्या सुईनं अकरा भोकं पाडली,
बारावं पाडताना बोट भाजलं.

मग तिनं झुरळ खाणं सोडलं.
पोट काळं, तुळतुळीत,
आणि एका रात्री दिवा लावला तर
बाय उताणी. आठही पाय वर.

बोट कुठल्या समुद्रात होती देव जाणे.
माझा फोन जाईना.
हातात बाटली घेतलेली, टोपण काढलेलं.
कुठेही काही बिघडलं की
पाणी सोडायचं नाहीतर तोडायचं,
तिसरं मला कुणी शिकवलंच नाही.

कागदाची खालची ओळ टेपखाली गेली होती.
नखानं टेप सोडवली:
उताणी पडली तर हात लावू नकोस.
काही म्हणजे काही करू नकोस.

प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिलो.
चारला भिंतीतल्या पाइपात खरखर झाली,
नव्या पोरानं चावी उघडली.
आवाजावरून कळलं, पाव आटा कमीच.
उठलो नाही.
टाकी भरते की नाही, तेही बघितलं नाही.

उजाडता उजाडता
एका बायच्या दोन झाल्या.
एक रिकामी, उलट्या हातमोज्यासारखी.
दुसरी तिच्या शेजारी, फिकट, ओलसर,
आधीपेक्षा बोटभर मोठी,
आपलेच पाय नवे असल्यासारखी
एकेक हळूच ताणत.

आठ दिवसांनी ती वाटीशी आली.
तोंड पाण्यात बुडवून तशीच थांबली,
घड्याळ लावून बघितलं, बावीस मिनिटं.
वाटीतलं पाणी दोराएवढं खाली गेलं.

जुन्या वहीत नोंद केली, सवयीनं:
सेक्टर, कपाटाजवळ. वेळ, सहा दहा.
दाब ठीक. तक्रार नाही.

बोट बंदराला लागली तेव्हा मेसेज आला,
पप्पा, कशी आहे?
लिहिलं, कात टाकली. मी काही केलं नाही.
वाचून मलाच वाटलं, हे कुरकुरल्यासारखं वाटेल.
पुन्हा लिहिलं:
रात्रभर काही केलं नाही.